तुम्ही विचारलंत म्हणून: फॉन्ट बदलला, तरी जुनाच का दिसतो?

मी सॉफ्टवेअरच्या थीम, म्हणजे त्याचे रंग, फॉन्ट असं बाहेरचं रूप, करतो हे कळलं की रंगांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. प्रश्न ठरलेला असतो : "फॉन्टची फाइल टाकली, सेटिंगमध्ये नाव लिहिलं, तरी स्क्रीनवर जुनाच फॉन्ट. कुठे अडलंय?" मग त्यालाच जोडून पुढचे येतात. आयकॉनच्या जागी चौकोन का? वेलांट्या वरून का कापल्या जातात? माझ्याकडे नीट दिसतं, मग दुसऱ्याच्या मशिनवर का नाही?

माझं उत्तर प्रत्येक वेळी एकच असतं : आधी थीमला हात लावू नका. आपण कोणता फॉन्ट मागितला हे थीमच्या फाइलीत लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात कोणता मिळाला हे तिथे कळत नाही. नाव सापडलं नाही तर सॉफ्टवेअर गुपचूप यादीतला पुढचा फॉन्ट उचलतं, तोही नसला तर सिस्टीमचा, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी थीम असेल तर मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट, म्हणजे पान आतून तपासायची खिडकी, उघडा. क्रोममध्ये कम्प्युटेड टॅबच्या तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स' असतं; फायरफॉक्समध्ये फॉन्ट्सचं वेगळं पॅनेलच आहे. क्रोममध्ये फॉन्टच्या नावापुढे त्यातली किती अक्षरं वापरली गेली तेही येतं. मराठी मजकुरावर हे करून बघाच. बऱ्याचदा दोन नावं दिसतात : इंग्रजी अक्षरं आणि आकडे तुमच्या हौसेच्या फॉन्टमधले, आणि देवनागरी मात्र विंडोजवर निर्मला किंवा मॅकवर कोहिनूरमधून आलेली. कारण त्या देखण्या फॉन्टमध्ये देवनागरी मुळात नसतेच!

देवनागरी असूनही फॉन्ट लागत नसेल तर नाव तपासा. फाइलचं नाव आणि फॉन्टचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर बघतं ते फाइलीच्या आत नोंदवलेलं फॅमिलीचं नाव, आणि तिथेही एक गोम आहे. सेमीबोल्डसारख्या वजनांसाठी (म्हणजे अक्षरांच्या जाडीसाठी) आत दोन नोंदी असतात : जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमसाठी 'अमुक सेमीबोल्ड' ही स्वतंत्र फॅमिली, आणि नव्यांसाठी 'अमुक' ही फॅमिली आणि ६०० हे वजन. त्यामुळे एकाच मशिनवर एका प्रोग्रॅमला जे नाव चालतं ते दुसऱ्याला सापडत नाही. वेबवर असाल तर त्याच इन्स्पेक्टच्या खिडकीतल्या कन्सोलमधली, म्हणजे चुकांच्या यादीतली, लाल ओळ वाचा. फाइलचा पत्ता तरी चुकलेला असतो, नाहीतर फॉन्ट दुसऱ्या डोमेनवर (वेगळ्या साइटच्या पत्त्यावर) असतो आणि तो सर्व्हर परवानगी देत नसतो.

आयकॉनच्या जागी येणाऱ्या चौकोनांचं कारण जवळजवळ नेहमी घरचंच असतं. कोणीतरी थीमच्या फाइलीत तारांकन (*, म्हणजे पानावरचं सगळं) लावून 'सगळ्यांना हाच फॉन्ट' असा नियम लिहिलेला असतो, वर इम्पॉर्टंटचा, म्हणजे बाकीच्या नियमांवर मात करणारा, शिक्का. आयकॉन फॉन्टमधली चित्रं युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीच्या, प्रायव्हेट यूज एरियात (ज्याने त्याने हवं ते ठेवायच्या मोकळ्या जागांत) असतात. तुमच्या नव्या फॉन्टमध्ये त्या जागा रिकाम्या, म्हणून चौकोन. नियम बॉडीला, म्हणजे पानाच्या सगळ्यात बाहेरच्या भागाला, लावा, बाकीचं वारशाने खाली उतरतं. बटणं आणि मजकूर भरायच्या इनपुटच्या जागा मात्र हा वारसा आपणहून घेत नाहीत, त्यांना 'इनहेरिट' (वरचंच घे) असं वेगळं सांगावं लागतं. तेवढ्यासाठी लोक तारांकनाकडे वळतात आणि आयकॉन घालवून बसतात.

आता कापलेल्या वेलांट्या. इथे फॉन्टवर उगाच आळ येतो. रोमन अक्षरांना ओळीची उंची फॉन्टच्या आकाराच्या १.२ पट पुरते, म्हणून मूळ डिझाइनमध्ये तीच असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. मी १.५ च्या खाली जात नाही, १.६ वर निवांत वाटतं. त्यातही बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठोकून वर 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर येईल ते लपव) केलं असेल तर ओळीची उंची वाढवूनही अनुस्वार जाणारच. ती ठोकलेली उंची काढून टाका आणि वरखाली पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवती मोकळी जागा, द्या. चाचणीला 'नमस्कार' लिहू नका, त्यात काहीच अडत नाही. 'मूर्तींना', 'कर्तृत्व', 'राष्ट्रीय', 'वाङ्मय', 'दुसऱ्या' हे शब्द मेनूत, बटणात आणि टेबलच्या रकान्यात टाकून बघा.

लेटर-स्पेसिंगचंही, म्हणजे दोन अक्षरांमधल्या अंतराचंही, तसंच. इंग्रजी शीर्षकाला ऐट आणणारी ती मोकळीक मराठी शब्दाची शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तोडते. मराठीसाठी ती शून्य ठेवा, यावर माझ्याकडून तडजोड नाही. ठळक अक्षरं चिखल झाल्यासारखी दिसत असतील तर बोल्डची फाइलच दिलेली नसते आणि ब्राउझर रेग्युलरलाच जाड करून वेळ मारून नेतो. 'फॉन्ट-सिंथेसिस' (ही नकली जाडी) 'none' करून बंद केलं की लगेच उघडं पडतं. आणि पानाची भाषा 'mr' (मराठीचा संकेत) अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे तेवढ्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसत राहतात.

अंधुकपणाची तक्रार बहुतेकदा फॉन्टची नसतेच. विंडोजचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायचं सेटिंग) १२५ टक्के असेल तर १ पिक्सेलची रेघ सव्वा पिक्सेलची होते, म्हणून कुठे जाड, कुठे पुसट. डार्क थीममध्ये करड्यावर करडं लिहिलेलं असतं. साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) हवा, तो आधी मोजा.

एवढं करून नाहीच जमलं तर खुशाल विचारा. पण सोबत रेंडर्ड फॉन्टचं नाव, ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्केलिंगचा आकडा पाठवा. आणि स्क्रीनशॉट १०० टक्के झूमवर घ्या, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको.