शेकडा चार रुपये तेरा पैसे

आमच्या बचत गटाची वही नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता राहिला, महिन्याला शेकडा दोननं व्याज किती झालं, सगळं तोंडपाठ. बाया म्हणतात, हिला झोपेतून उठवलं तरी पैशापर्यंत हिशोब सांगन. त्याच बाईच्या घरात यंदा होळीपासून पेरणीपर्यंत एक कर्ज ठाण मांडून बसलं होतं, आणि त्याचा दर तिला माहीत नव्हता. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

क्रेडिट कार्ड आलं ते फ्रिजच्या निमित्तानं. यवतमाळच्या दुकानात एक पोरगा टेबल मांडून बसला होता. "लाइफटाइम फ्री आहे, काका," म्हणाला, आणि आमच्या यांनी सही केली. वर्षभरानं 499 रुपये वार्षिक फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 589 कापले गेले. मी भांडायला निघाले होते. हे म्हणाले, "जाऊ दे, अडीअडचणीले कामी येते." कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत गेलं.

यांच्या डोक्यात क्रेडिट कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. त्यात यांची काही चूक नाही, गावात 'कार्ड' म्हटलं की तेच. पीककर्ज उचलायचं, वर्षातून एकदा भरायचं, नाही जमलं तर बँकेत जाऊन नवंजुनं, म्हणजे जुन्याच्या जागी नवं कर्ज, करून यायचं. वेळेवर भरलं तर आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य पडतं. हेही कार्ड, तेही कार्ड. एकाच गोठ्यातल्या दोन गायी असाव्या तसं.

माघात कापूस विकला आणि आत्याबाईंनी काशीचा विषय काढला. दारव्ह्याचा एक यात्रावाला प्रयागराज, काशी, अयोध्या असा नऊ दिवसांचा ग्रुप नेत होता. अडतीस माणसं, बडनेऱ्याहून गाडी. (आमची शकुंतला ही छोटी रेल्वे बंद पडल्यापासून आम्हाला रेल्वे बघायलासुद्धा बस धरावी लागते.) पैसे भरताना त्यानं विचारलं, "प्रवास विमा पाहिजे का? माणशी एकशे ऐंशी." आम्ही चौघं, म्हणजे 720. मी यांच्याकडे पाहिलं. आत्याबाई मागून म्हणाल्या, "देवाले जाऊन रायलो ना बाप्पा, इमा कायचा काढता? अपशकुन नाई का तो?" मग कोण काढतं? 720 वाचले. त्यातून मी नागपुरी संत्र्यांची पेटी घेतली, गाडीत सगळ्यांना वाटली.

काशीत तिसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेधाच्या पायऱ्यांवर आत्याबाई घसरल्या. उजव्या हातात गंगाजलाचा तांब्या होता. तो त्यांनी वरच्या वर धरला आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. मी धावत गेले तर त्या बसल्या जागेवरून म्हणतात, "पाणी नाई सांडलं वो." खरंच नव्हतं सांडलं. मनगट मात्र चमच्यासारखं वाकलं होतं.

खासगी दवाखान्यात सांगितलं, प्लेट टाकावी लागेल, आधी 20 हजार रोख भरा. यांनी पिशवीतून कार्ड काढलं, एटीएमला गेले, पैसे आले. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या मशीनला मनातल्या मनात नमस्कार केला. सुट्टी झाली तेव्हा राहिलेले 38 हजार कार्ड घासून भरले. एकूण 58 हजार.

एटीएममधून कार्डावर रोख काढली की त्याची वेगळी फी असते, आमच्या कार्डावर अडीच टक्के. 20 हजारांचे 500, वर जीएसटी 90. आणि रोख रकमेला बिनव्याजी दिवस नसतातच, नोट हातात पडली त्या दिवसापासून मीटर सुरू. हे आम्हाला पहिल्या बिलावर कळलं. कळलं म्हणजे आकडा दिसला.

बिलावर दोन रकमा होत्या. एक एकूण, 59 हजारांच्या वर. दुसरी 'किमान देय रक्कम', 3 हजाराच्या आतबाहेर. हे म्हणाले, "पाय, किती सोपं केलं त्याइनं. तीन हजार भरले का झालं नवंजुनं." आणि मी, गटाची वही लिहिणारी मी, म्हणाले, "बरं झालं." मार्च, एप्रिल, मे, जून. चार वेळा 3 हजार भरले. एकदा शेतातल्या गडबडीत तारीख चुकली, पण दुसऱ्याच दिवशी भरले म्हणून लेट फी लागली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय ती लावता येत नाही.

जुलैचं बिल आलं. 12 हजार भरून झाले होते आणि एकूण रक्कम होती 57,280.

त्या रात्री मी पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो कंपनीत आहे, त्याच्याकडे दोन कार्डं आहेत. बिल त्याला पाठवलं. तो म्हणाला, "काकू, थ्री पॉइंट फाइव्ह पर्सेंट पर मंथ आहे."

"म्हणजे शेकडा साडेतीन?"

"शेकडा म्हणजे?"

घ्या. मला त्याची भाषा येईना, त्याला माझी. पण माझा आकडा लागला होता. शेकडा साडेतीन महिन्याला. त्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, म्हणजे त्रेसष्ट पैसे. शेकडा चार रुपये तेरा पैसे. आणि किमान रक्कम किती? शेकडा पाच. म्हणजे शंभरामागे मी पाच रुपये भरते, त्यातले चार रुपये तेरा पैसे व्याजात आणि करात जातात, मुद्दल सुटतं सत्त्याऐंशी पैशांनी. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मी हे तीनदा मांडलं. तिन्ही वेळा सत्त्याऐंशी पैसेच आले.

आमच्या मामंजींच्या काळात गावात शेकडा पाचवाला सावकार होता. त्याचं नाव अजूनही लोक थुंकून घेतात. 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला तारण नसलं तरी बिगरशेती कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. कार्डाचे वर्षाचे 42 होतात, जीएसटी धरला तर साडेएकोणपन्नास. बँकांना तो कायदा लागू नाही. मागं 2008 मध्ये ग्राहक आयोगानं कार्डाच्या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली. म्हणजे हे सगळं नियमातच चाललं होतं. त्या टेबलवाल्या पोरानं नुसतं "काका, शेकडा चार पडते" एवढं म्हटलं असतं, तर आमच्या यांनी पेन खाली ठेवला असता.

पुतण्या मात्र कार्डाची बाजू घेत होता, आणि त्याचंही खरं आहे. तो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, त्याला 45-50 दिवस पैसे फुकट वापरायला मिळतात. पूर्ण भरलं नाही की ती सवलत जाते, मग खरेदीच्या तारखेपासून व्याज धरतात. आम्ही त्या चार महिन्यांत कार्डावर मोबाइलचं रिचार्ज मारलं, फवारणीचा पंप घेतला, त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. तो जर्मनीला जाऊन आला तेव्हाचं त्याचं बिलही त्यानं दाखवलं. परदेशात कार्ड घासलं की साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरचा आकार, आणि त्यावर जीएसटी. परत तेच चार रुपये तेरा पैसे! हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.

आता विम्याचं. गावात आल्यावर जो तो म्हणायचा, "अवं, रेल्वेच्या तिकिटात इमा असते ना." असतो. ऑनलाइन तिकीट काढताना टिक केली तर माणशी 45 पैसे लागतात. मृत्यू आला तर 10 लाख, दवाखान्याच्या खर्चाला 2 लाखांपर्यंत. पण तो गाडीच्या अपघातापुरता. घाटावरची पायरी रेल्वेची नसते. खिडकीवरच्या तिकिटाला तर तोही नाही. आणि आमचं तिकीट सेतूवाल्या पोरानं त्याच्या नंबरवर काढलेलं, त्यामुळे वारसाचं नाव भरायची लिंकसुद्धा त्याच्याच मोबाइलवर गेली होती. बरं वाईट झालं असतं तर आम्ही त्याच्याच दारात उभे.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कटतात तो पंतप्रधान सुरक्षा विमा आत्याबाईंचा आहे. तो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला, दवाखान्याच्या बिलाला नाही. आयुष्मान कार्ड देशभर यादीतल्या दवाखान्यांत चालतं, ते आम्ही काढलेलंच नव्हतं. (आल्याबरोबर काढलं.) आणि आमच्या त्या क्रेडिट कार्डाच्या पुस्तिकेत '5 लाखांचा प्रवास विमा' असं ठळक छापलं होतं. खालचं बारीक वाचलं तर तो विमान अपघातातल्या मृत्यूचा, तोही विमानाचं तिकीट त्याच कार्डानं काढलं तर. आमच्या गावात विमान येतं ते डोक्यावरून.

एकशे ऐंशीवाल्या विम्यात अपघाताच्या दवाखान्याचा 1 लाखापर्यंत खर्च होता. आमच्याच ग्रुपमधल्या दिग्रसच्या गुरुजींनी तो काढला होता, त्यांच्याकडचा कागद मी मुद्दाम मागून वाचला. त्यातही गोम आहे. आधीपासूनच्या आजाराला तो लागू नाही. गुरुजींची शुगर अयोध्येत वाढली, सलाईन लावावी लागली, ते पैसे त्यांचे त्यांनाच पडले. पण मनगट मोडणं हा काही जुना आजार नाही. दवाखान्याची बिलं, डॉक्टरचा कागद, एक्स-रे सांभाळले असते आणि लगेच फोन करून कळवलं असतं, तर आमच्या 58 हजारांतला बराचसा भाग निघाला असता.

जुलैत आम्ही खाते साफ केलं. घरात ठेवलेली अडीच क्विंटल तूर विकली, आणि 40 हजार मी गटातून उचलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा वहीत माझ्या नावासमोर एवढी रक्कम लिहिली. मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही, एकीनं नुसतं विचारलं, "काहून वो, तुले काय झालं?" मी कार्डाचं सगळं सांगितलं. शेकडा चार ऐकल्यावर तिघीजणी घरी गेल्या आणि आपापल्या पोरांची कार्डं घेऊन परत आल्या.

कार्ड बंद करायला अर्ज दिला तर रोज फोन, ही ऑफर, ती ऑफर. पूर्ण पैसे भरलेले असतील तर अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही तर दिवसाला 500 रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे, हे मी पुतण्याकडून शिकले होते. पाचव्या दिवशी फोनवरच्या मुलीला सांगितलं, "ताई, दोन दिवस राहिले, मग तुमचं मीटर सुरू." सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला.

आत्याबाईंचा हात आता बरा आहे, भाकर थापताना मात्र डावीकडून जाड राहते. गंगाजल देवघरात आहे. परवा त्या म्हणाल्या, पुढच्या श्रावणात पचमढीच्या नागद्वारले जायचं. मी म्हटलं, तिथल्या चढावर तर धडधाकट माणसं घसरतात. त्यांनी भाकर पलटली.

"मंग तो एकशे ऐंशीवाला इमा काढजो," म्हणाल्या. "गुरुजीले विचारून घेजो, त्यात हाडं येते का म्हणून."