आजीचा व्हिसा आणि किटातली जागा

बर्लिन, नोव्हेंबर

इथल्या बालकल्याण कार्यालयाकडून लेकीचे किटा-गुटशाइन, म्हणजे किटाचे (पाळणाघराचे) मंजुरीपत्र, अखेर हाती आले. कागदावरचा हक्क भक्कम आहे: जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला सांभाळाच्या जागेचा कायदेशीर अधिकार आहे, आणि बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून किटाची फीही माफ आहे, जेवणाचे महिना २३ युरो तेवढे भरायचे. जागा मात्र आईबापांनीच दारोदार फिरून मिळवायची.

दोन्ही आज्यांचे म्हणणे एकच, की तीन वर्षांपर्यंत मूल परक्या हाती देऊ नये. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. म्हणजे नागपूरची आजी परतली की सोलापूरची येणार, रुळते न रुळते तोच तीही निघणार, आणि दर खेपेला लेक दाराशी तिच्या चपला शोधत राहणार. शिवाय साठी उलटलेल्या बाईने, भाषा येत नसताना, ऐन हिवाळ्यात दिवसभर एकटीने मूल राखावे, ही अपेक्षा आपण फार सहज करतो. आजोबांकडून ती कुणी करत नाही.

इंग्रजी किटाचा विचार सोडला, कारण पुढे शाळा जर्मनच आहे. मराठीचे काय ते आमचे आम्हीच पाहायचे.

काल पाहिलेल्या किटात मुले भर पावसात चिखल कालवत होती. अंगात रबरी विजारी, पायांत गमबूट, नाकाला शेंबूड, आणि टोपी सारखी करायला कुणी धावत नव्हते. माझा जीव वरखाली झाला, पण रडणारे एकही मूल दिसले नाही. मला पटली ती मुलाला रुळवण्याची रीत: बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालकाने मुलासोबत खोलीतच बसायचे, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहायचे, आणि बाईंच्या समजावण्याने मूल शांत झाले नाही तर पुढची ताटातूट लांबवायची. रडते पोर फाटकात सोपवून पाठ फिरवण्याच्या आपल्या रीतीपेक्षा हे मला शहाणपणाचे वाटते.

त्यासाठी फेब्रुवारीत रजा मी नव्हे, नवऱ्याने घ्यायची असे ठरले आहे. सासूबाईंना हे अजून सांगायचे आहे.