काम सुटायच्या आधी घरात काय करून ठेवावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ठेकेदारीत काम करणारी माणसं पीएफचे फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येतात. कंपनीत माणसं कमी करायचं चाललंय, किती पैसे बाजूला ठेवू, असं बहुतेक जण विचारतात. पैसे पुढच्या पगारालाही साठवता येतील. काही कामं मात्र गेटपास हातात आहे तोवरच सोपी असतात, म्हणून ती आधी.

पीएफ बघा. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, चालू मोबाइल नंबर आहे का, बँक खातं जोडलंय का, नॉमिनी भरलाय का. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पीएफमध्ये तशीच हवी. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावर क्लेम परत येतो. काही दुरुस्त्यांना मालकाची मंजुरी लागते, आणि काम सुटल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही. मला याची फार चीड येते. पैसे कामगाराच्याच पगारातून कापलेले असतात. कापतात पण भरत नाहीत, असेही आहेत, म्हणून पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. पगाराच्या पावत्यांचे फोटो बायकोच्या मोबाइलमध्येही ठेवा. सुटल्याची तारीख ठेकेदाराने टाकलीच नाही, तर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते.

ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, दवाखाना काम सुटलं त्याच दिवशी बंद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी पडली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून उपचार मिळतात. कंपनीने काढलेला आजारपणाचा विमा, ग्रुप मेडिक्लेम, मात्र सहसा नोकरीबरोबरच संपतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यावर करायचं राहिलं असेल, तर आत्ताच उरकून घ्या.

पैशाचं म्हणाल, तर तीन महिन्यांचं भाडं, किराणा आणि लेकरांची फी निघेल एवढं तरी असावं. त्याहून महत्त्वाचं, नवा हप्ता नको. गाडी वर्षभर थांबेल. बचत गटाचं, फायनान्सचं कर्ज घरात कुणाच्या नावावर किती आहे, ते नवरा-बायकोने एकत्र बसून लिहून काढा. गावाकडे शेत असेल तर शाळू निघाला की वर्षाचे दाणे भरून ठेवा, तूरही घरचीच ठेवा.

आणि हे सगळं बायकोला कळू द्या. काम सुटलं तरी डबा घेऊन रोज बाहेर पडणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या घरी ठाऊक असतं, तर बचत गटातून नवं कर्ज उचललं गेलं नसतं.