माहूर : तीन शिखरं करून परत फिरू नका, गडासाठी अर्धा दिवस ठेवा

"गडावर बघण्यासारखं काही नाही, नुसतं रान माजलंय," असं बसस्थानकाबाहेर आम्हाला ठासून सांगण्यात आलं. सांगणारे सगळे जीपवाले. रेणुका, दत्तशिखर, अनसूया अशी एक फेरी आटोपून त्यांना पुढची सवारी धरायची असते. गडावर रेंगाळणारा माणूस त्यांना परवडत नाही. त्यांचं अजिबात ऐकू नका. माहूरला आलो त्याचं सार्थक झालं ते त्या गडावर.

आधी पैशांचं. तिन्ही शिखरांचं माणशी ठरवून बसलो होतो. दत्तशिखरावर दर्शन घेऊन खाली येतो तर गडी म्हणतो, अनसूयेचं वेगळं पडेल. दुसरी गाडी चटकन मिळत नाही, सोबत म्हातारी माणसं असतात, म्हणून लोक निमूट देतात. ही सरळ लूट आहे. बसण्याआधीच चार लोकांसमोर बोलून घ्या : तिन्ही शिखरं, प्रत्येक ठिकाणी थांबा, परत बसस्थानक. पैसे शेवटी, उतरल्यावर.

रेणुकामाता साडेतीन शक्तिपीठांतलं एक पीठ, त्यामुळे मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळता आलं तर टाळा. प्रसाद तांबुलाचा. पायऱ्यांच्या कडेला लोखंडी खलबत्त्यात विड्याची पानं कुटत असतात, तो ठकठक आवाज वरपर्यंत ऐकू येतो. तांबूल समोर कुटलेलाच घ्या, आणि भाव आधी विचारा. पिशवी हातात मोकळी धरू नका, वानरं हिसकावतात.

आता गड. रामगड म्हणतात त्याला. बहमनी काळात वजीर महमूद गवानने वऱ्हाडची वाटणी केली तेव्हा एका भागाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर, एवढं या जागेचं वजन. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांविरुद्धच्या उंबरखिंडीच्या लढाईत मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेसोबत असलेली रायबागन, म्हणजे सावित्रीबाई, ती इथल्याच देशमुख घराण्यातली. शिवचरित्रात तिचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण तिचं माहूर ते हेच, हे कुणी सांगत नाही. गावातही एक धड पाटी दिसली नाही, याचा मला खरंच राग आला.

हत्ती दरवाज्याकडची वाट मात्र वाईट आहे, फार वाईट. पावसाळ्यानंतर घाणेरी कमरेपर्यंत येते, गवतात पायरी कुठे संपते ते कळत नाही. एका वळणावर पायाखालचा दगड निसटला आणि उतारावरून गडगडत गेला. कितीतरी वेळ त्याचा आवाज येत राहिला. तिथून पुढे काठीने चाचपल्याशिवाय मी पाऊल टाकलं नाही. चप्पल, साडी, लहान मुलं यांचं इथे काम नाही. फुल पँट, पकडीचे बूट, माणशी दोन लिटर पाणी. उजाडताच निघा, अकरानंतर दगड तापतो आणि तटावर सावली म्हणून नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, गवत वाळलेलं असतं.

पण दरवाज्याच्या कमानीखाली पोचलो आणि सगळा शीण गेला. तटाचे काळे दगड, पलीकडे सागाचं जंगल, लांबवर पैनगंगेचं पात्र. नदीपलीकडे विदर्भ सुरू होतो. किनवट-माहूरचा हा पट्टा १९५६ पर्यंत आता तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून बाजारात मराठीसोबत तेलुगू आणि गोंडीही कानावर पडते. गडावरच्या महाकाली मंदिरात थोडं टेका, मग उतरा.

पांडवलेणी गावालगतच आहेत, तासाभरात होतात. महानुभाव पंथाचं देवदेवेश्वर मंदिरही चुकवू नका.

रेल्वेने येणाऱ्यांनी किनवटला उतरून एसटी धरावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरकडूनच विचारून घ्या. हॉटेलवाला किंवा जीपवाला "गाडी गेली" म्हणाला तरी आधी बसस्थानकातल्या चौकशी खिडकीवर जा. आम्हालाही तसंच सांगितलं होतं, आणि गाडी फलाटावर उभी होती.