उन्हाचा पट्टा आणि आमचा लाइन फॉलोअर

आमच्या रोबोटिक्स संघाचा सरावाचा ट्रॅक म्हणजे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. पुढारी फरशीकडे तोंड करून पालथे, आणि त्यांच्या पाठीवरच्या पांढऱ्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपची वळणं. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात एवढा मोठा, गुळगुळीत, फुकटचा पांढरा पृष्ठभाग दुसरा मिळत नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या केअर्स योजनेमुळे गोव्यातल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आलं. वर्गात दिवा लुकलुकवणं मुलांना जमत होतं. पण स्पर्धेत उतरायचं असं यंदा पहिल्यांदाच ठरलं. लाइन फॉलोअर निवडला, कारण तो स्वस्तात होतो आणि त्यात लपायला जागा नसते. काळी रेघ धरून शेवटापर्यंत गेला तर गेला, नाही तर नाही.

सामान साधंच: कोड चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड, मोटरना वीज देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या, स्वस्त बीओ मोटर दोन, पुढे कॅस्टर म्हणजे मोकळं फिरणारं चाक, पाच इन्फ्रारेड सेन्सरची पट्टी आणि १८६५० चे दोन चार्ज होणारे सेल. हे सेन्सर डोळ्यांना न दिसणारा उजेड खाली टाकतात आणि परत किती आला ते मोजतात: पांढऱ्यावरून जास्त, काळ्यावरून कमी. सोल्डरिंग कुणी शिकवायचं ही मला काळजी होती. ती नववीतल्या एका मुलाने मिटवली. त्याचा मोठा भाऊ दरवर्षी दिवाळीला वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा करतो, हात हलणारा, मान वळवणारा. वेल्डिंग, कप्प्या, जुन्या गाडीची वायपर मोटर हे सगळं त्या घरात दिवाळीच्या आधी महिनाभर पसरलेलं असतं. या मुलाने शाळेत येण्याआधीच हात भाजून घेतले होते, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न कुठे धरायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. आपल्याकडे रोबोटिक्स शाळेत यायच्या आधी नरकासुराच्या मांडवात आलं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कोड आठवीतल्या दोन मुलींकडे होता. रेघेपासून रोबो किती सरकला ते मोजायचं, त्याला एका आकड्याने गुणायचं आणि तेवढा फरक दोन चाकांच्या वेगात करायचा, इतकंच पहिल्यांदा लिहिलं. आकडा लहान ठेवला तर रोबो वळणावर बाहेर जायचा. मोठा केला तर सरळ रेषेवरही झुलायचा. त्या झुलण्याला मुलांनी काय नाव दिलं ते इथे लिहीत नाही, पण काजूच्या दारूचा हंगाम जवळ आला होता एवढं सांगते. मग चूक किती वेगाने बदलते आहे याचाही हिशेब कोडमध्ये घातला आणि झुलणं कमी झालं. या पद्धतीला पीआयडी म्हणतात; त्यातला आय, म्हणजे साठत गेलेल्या चुकीचा हिशेब, आम्ही शून्यच ठेवला. त्याच्यावाचून काही अडलं नाही.

एका सोमवारी मात्र शुक्रवारचाच कोड, शुक्रवारचेच आकडे, आणि रोबो पहिल्याच वळणावर फ्लेक्सच्या बाहेर. दोघी मुली कोडच्या ओळी वाचत बसल्या. कारण सोल्डरिंगवाल्याने मल्टिमीटर लावून शोधलं. शनिवार-रविवारी सेल चार्ज करून ठेवले होते. पूर्ण भरलेले दोन सेल मिळून ८.४ व्होल्ट देतात, वापरता वापरता ते सातच्या आसपास येतात. त्यातले दोनेक व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो. म्हणजे मोटरच्या वाट्याला जे उरतं त्यात हा फरक चांगलाच जाणवतो, आणि भरलेल्या सेलवर रोबो जास्त जोरात पळतो. तेव्हापासून नियम झाला: आकडे ठरवायचे ते भरलेल्या सेलवरच, आणि दर काही फेऱ्यांनी सेल बदलायचे.

माझ्यासाठी अवघड भाग वेगळाच होता. कीबोर्ड मुलींसमोर, चूक मला दिसते आहे, आणि बोलायचं नाही. एकदा माउसकडे हात गेला तेव्हा त्यातली एक शांतपणे कोंकणीत म्हणाली, “टीचर, तुमी हात लावूं नाकात.” म्हणजे, तुम्ही हात लावू नका. मी हात मागे घेतला. मला ते वाक्य फार आवडलं.

स्पर्धा फोंड्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होती. सकाळची कदंब बस पकडून उसगावमार्गे पोचलो. मार्गदर्शकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं, रोबोला हात लावला की दंडाचे सेकंद, दोन फेऱ्यांतली चांगली वेळ धरायची, असे नियम. आमच्या शेजारच्या टेबलावर एका संघाचे गुरुजी स्वतःच लॅपटॉपवर आकडे बदलत होते आणि मुलं त्यांच्या मागे उभी राहून बिस्किटं खात होती. त्यांचा रोबो आमच्याहून देखणा होता, हे कबूल.

पहिल्या फेरीत आमचा रोबो अर्ध्यावर थांबला आणि जागच्या जागी फिरू लागला. खिडकीतून उन्हाचा पट्टा ट्रॅकच्या एका कोपऱ्यावर पडला होता. शाळेच्या खोलीत ट्यूबलाइट, तिच्या उजेडात इन्फ्रारेड नावालाच. उन्हात ते भरपूर. त्यामुळे काळ्या टेपवरही सेन्सर पांढऱ्यासारखं वाचन देत होता.

हे दोरीबाहेरून मला कळलं होतं, पण बोलायची सोय नव्हती. मुली आधी कोडमध्ये शिरल्या. मग एकीने सेन्सरच्या पट्टीवर तळहात आडवा धरला, स्क्रीनवरचे आकडे उतरताना पाहिले आणि थेट दप्तर उघडलं. विज्ञानाच्या प्रकल्पवहीचं काळं कव्हर कापून सेन्सरभोवती झालर चिकटवली, जमिनीला जेमतेम न टेकणारी. नंतर रोबो त्याच कोपऱ्यात ठेवून काळ्या-पांढऱ्याची वाचनं नव्याने घेतली. दुसऱ्या फेरीत तो उन्हातून रेघ धरून गेला, पूर्ण ट्रॅक, हात न लावता.

नंबर आला नाही. पहिल्या तिघांच्या वेळा आमच्याहून बऱ्याच कमी होत्या. त्यांच्याकडे एन२० म्हणजे धातूच्या गिअरच्या छोट्या मोटर होत्या, आणि बीओ मोटर घेऊन त्यांच्याशी वेगात बरोबरी होत नाही. पुढच्या वर्षीसाठी पालक-शिक्षक संघाकडे एन२० चा अर्ज दिला आहे. वहीच्या नव्या कव्हरचे पैसेही त्यातच मागितलेत.

सध्या वर्गात वेगळाच वाद चालू आहे. येत्या दिवाळीत नरकासुराची मान आर्डुइनोने वळवायची असं पोरांनी ठरवलंय, आणि त्यासाठी आमच्या पेटीतली छोटी निळी सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर, मागताहेत. तिचा जोर १.८ किलो-सेंटीमीटर, म्हणजे आसापासून एक सेंटीमीटरवर फार तर १.८ किलो पेलेल. नरकासुराचं डोकं किती किलोचं होणार ते आधी वजन करून आणा, मग बोलू, असं मी सांगितलंय.