बागेतला माझा पक्षपात

मिरचीच्या शेंड्यावर परत मावा आलाय. परवापर्यंत काही नव्हतं, नवीन पानं मस्त लुसलुशीत फुटत होती, मी मनातल्या मनात खूश पण होते, आणि आज बघते तर शेंडा वळलेला, पान उलटं केलं तर मागे हिरव्या बारक्या जीवांची गर्दी. हे इतक्या पटकन वाढतात कसे हा प्रश्न मला पूर्वी पडायचा, मग कळलं की माव्याच्या मादीला नर लागतच नाही, अंडी बिंडी पण नाहीत, सरळ जिवंत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्मतानाच पुढची पिढी वाढायला लागलेली असते. हे वाचल्यापासून उलट जास्तच चिडचिड होते. आपण एका पानाची वाट बघत बसायचं आणि यांची तोवर नातवंडं.

आणि मुंग्या. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली की मी आता सरळ पानांची मागची बाजू बघते. मावा झाडाचा रस एवढा पितो की त्यातली जास्तीची साखर चिकट थेंब होऊन मागून बाहेर पडते, मुंग्यांना तेच हवं असतं, त्यामुळे त्या गुराख्यासारख्या त्या कळपाची राखण करत फिरतात आणि मावा खायला कोणी आलं तर त्याला हुसकावतात. तोच चिकटा खालच्या पानांवर सांडला की त्यावर काळी बुरशी धरते, मग झाड काजळी फासल्यासारखं दिसतं आणि आई म्हणते, "अगं उपटून टाक ती मिरची, दुसरी लाव." आईचं सगळ्यावर हेच औषध आहे.

मी पाण्याचा जोरात फवारा मारला, पानाच्या मागून. बाकी काही मारायच्या आधी हे करून बघावं असं माझं मत, कारण खाली पडलेला मावा सहसा परत वर चढून येत नाही. उरलेल्याला संध्याकाळी साबणाचं पातळ पाणी. भर उन्हात मारलं तर पानंच करपतात.

हे करताना एका काडीवर ती दिसली आणि मी हात आवरला. लेडीबगची अळी. काळपट, लांबुळकी, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके, दिसायला अजिबात गोड नाही. मोठी झाल्यावर लाल गोल ठिपकेवाली होते तेव्हा सगळे तिचे फोटो काढतात, पण या वयात बरेच जण तिला कीड समजून चिरडून टाकतात. खरं तर हीच जास्त कामाची, कोशात जाईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. मग मी ती काडी तशीच सोडली, माव्यासकट. म्हणजे त्या एका काडीवरच्या माव्याला आज जीवदान मिळालं ते त्याला कोणीतरी खाणार आहे म्हणून. विचार केला तर विचित्रच आहे हे.

आणि खरा पक्षपात तर लिंबावर चालतो.

कुंडीतल्या लिंबाला लिंबं अशी फार येत नाहीत. फुलपाखरं मात्र येतात. ती काळी-पिवळसर ठिपक्यांची मादी आली की ती फुलावर बसत नाही, कोवळ्या पानावर पुढचे पाय आपटते, पायानेच चव घेते म्हणे, आणि पटलं तर एक अंडं चिकटवून पुढे. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओशट, म्हणजे कोणाला खावीशीच वाटू नये. मोठी झाली की एकदम पोपटी. हात लावला तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि एक उग्र वास सोडते. मला त्या वासाचं पण कौतुक आहे, काय करणार. प्रॉब्लेम एवढाच की आयुष्यभरात जे काही खायचं त्यातलं बहुतेक ती शेवटच्या टप्प्यात खाते, त्यामुळे काल ज्या फांदीवर भरपूर पानं होती तिथे आज नुसते देठ आणि काटे.

मी काढत नाही त्यांना. झाड धडधाकट असेल तर परत फुटतं.

पण त्याच लिंबावर नागअळी असते, पानाच्या आतून पोखरत जाते आणि मागे चांदीसारखी नागमोडी रेघ उमटते. ती दिसली की मी अजिबात दयामाया न दाखवता ते पान दोन बोटांत चिमटते. आता बघा, ती पण मोठी होऊन पतंगच होते, पण इतका बारीक की पंख पसरून जेमतेम ४ मिलिमीटर, कोणाला दिसणार पण नाही. एकच झाड, दोघीही पानंच खातात, एकीला मी राखीव फांद्या ठेवते आणि दुसरीला चिमटते. कारण एक सुंदर होणार आहे. असं म्हणायला लाज वाटते पण तसंच आहे, आणि मला नाही वाटत मी ते बदलेन.

असो. आजची चांगली गोष्ट म्हणजे दुधी. वेलाला सुरुवातीला नुसती नर फुलंच येत होती, लांब बारीक देठाची पांढरी फुलं, उमलायची आणि गळायची. नवीन माणूस इथेच हताश होतो, फुलं येतात पण फळ धरत नाही म्हणून, पण आधी नर फुलं येणं हे नॉर्मल आहे. मादी फूल ओळखायला अगदी सोपं, फुलाच्या मागे लव असलेला बोटाएवढा दुधी तयारच असतो. आणि दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर, त्यांचं काम रात्रीचे पतंग करतात. जिथे पतंग फारसे फिरकत नाहीत तिथे आपणच पतंग व्हायचं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा, झालं. मागच्या आठवड्यात केलं होतं, आणि आज तो बारका दुधी चक्क जाड झालाय, मान खाली घालून लोंबतोय. फसलं असतं तर टोकाकडून पिवळा पडून सुकला असता. मी आज उगाचच चार वेळा जाऊन बघून आले. उचलून बघितला नाही, बोट पण लावलं नाही, फक्त बघितला.

टोमॅटोबद्दल लिहायचा मूड नाही खरं तर. फळाच्या बुडाला काळे चामड्यासारखे डाग. लगेच सगळे सांगतात अंड्याची टरफलं घाल, कॅल्शियम कमी आहे. अहो, मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतं, ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं, आणि कुंडी एक दिवस कोरडी ठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल असली की ते पोचत नाही. टरफलं मातीत मिसळून कुजायलाच कितीतरी महिने जातात, तोवर झाड संपलेलं असतं. पाणी नियमित आणि वर सुक्या पानांचा थर, बस.

याउलट कंपोस्टच्या डब्याशेजारी आपोआप उगवलेलं टोमॅटोचं रोप बघा! कोणी पेरलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि खोड माझ्या लाडाच्या रोपापेक्षा जाड. बी हायब्रिडचं असेल तर फळ मूळ झाडासारखं येईलच असं नाही, पण मी त्याला काठी बांधली. त्याच्यावर पण जीव जडला आता.

राहिलं काम मुळ्याचं. बी दाट पडलंय, रोपं एकमेकांना खेटून उभी आहेत, विरळणी केली नाही तर नुसता पाला माजेल आणि खाली मुळा म्हणून दोरा निघेल. दोन रोपांत चार बोटं अंतर हवं. उपटायचं पण नाही, शेजारच्याची मुळं हलतात, कात्रीने जमिनीलगत कापायचं. हे सगळं मला माहितेय, कात्री घेऊन बसले पण होते, पण कुठलं कापायचं? सगळी सारखीच दिसतात, सगळी टवटवीत, कुणात काही खोट नाही. माव्याला मारताना कसं सोपं असतं. शेवटी पाणी घालून उठले.

उद्या आईला देणार आहे कात्री. तिला असलं काही होत नाही.