एंजलचा शेजारी कोण?

आजचा अख्खा दिवस मासे निवडण्यात गेला. घरच्या फिश टँकमध्ये एंजल मासा ठरलेलाच, त्याच्या जोडीला कोण एवढाच प्रश्न. पोरांना पट्टेरी टायगर बार्ब हवे होते. दिसायला झकास, पण एंजलचे लांब लोंबते पर त्यांना कुरतडायला आयतेच मिळतात. निऑन टेट्रा गरीब बिचारे. मात्र मोठा झालेला एंजल तोंडात मावेल ते गिळतो, अन् निऑन बरोब्बर मावतो! गोल्डफिशला पाणी गार हवं, 20 अंशांच्या आसपास; एंजलला 26. बाद. शेवटी तळाशी मिशांनी वाळू चाचपत फिरणारे कोरीडोरास पास झाले. तेही सहाजणांचा घोळका, एकटादुकटा बुजतो. खाली बारीक वाळूच हवी, धारदार खडीने मिशांना इजा होते. पोरं रुसलीत. म्हणे, बार्बसाठी दुसरा टँक घेऊ. घ्या!